आधी पोपडा उलटा करून बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. १९८७ची येझदी रोडकिंग मोटरसायकल घेतलीत. दोन्ही सायलेन्सर आणि दोन्ही बेंड पाईप, म्हणजे इंजिनातून सायलेन्सरकडे जाणारे वाकडे पाईप, काळे आहेत. काही ठिकाणी पोपडे निघतायत आणि त्याखाली काहीतरी चमकतंय. खाली मूळचा क्रोम शिल्लक आहे का, आणि वरचं काळं घरच्या घरी कसं उतरवायचं, हे तुम्हाला हवंय. एक मित्र म्हणतो बाथरूमचं ॲसिड ओता, दुसरा म्हणतो ग्राइंडरला वायर ब्रश लाव, तासाभरात मोकळा होशील.

आज तरी दोघांचंही ऐकू नका. ॲसिड क्रोमच खातं, म्हणजे जे वाचवायचंय तेच आधी जाईल. आणि ग्राइंडरवरचा पोलादी ब्रश क्रोमवर असे चरे पाडतो की नंतर बफिंगवाला पण हात टेकतो. काळं उतरवणं हे यातलं सोपं काम. अवघड काम म्हणजे ते काळं नक्की काय आहे आणि कुणी, कशासाठी फासलं, हे शोधणं. मी अठ्ठावीस वर्षं जुन्या गाड्या उभ्या करतोय, त्यात जावा-येझदी जास्त. चांगल्या क्रोमवर हौसेने रंग मारणारे मला फार थोडे भेटले. गंज दिसू नये म्हणून मारणारेच बहुतेक. मध्यंतरी सगळी गाडी काळी करायची एक टूम निघाली होती, त्या लाटेत काळा झालेला सायलेन्सर मिळाला तर तुमचं नशीब. तुमचा कुठल्या जातीचा आहे हे फोटोवरून मी सांगू शकत नाही. पण तुम्हाला तुमच्या अंगणात बसून कळेल.

सगळ्यात पहिल्यांदा, तो थर आहे तरी का? हसू नका. येझदी टू-स्ट्रोक, एका सिलिंडरला दोन बेंड पाईप. पेट्रोलमधलं टू-टी ऑइल पूर्ण जळत नाही, ते बेंड आणि सायलेन्सरच्या जोडातून, तसंच बेंड सिलिंडरला आवळणाऱ्या रिंग नटच्या आसपास झिरपतं, गरम पाईपवर भाजतं आणि वर्षानुवर्षं साठून डांबरासारखं काळं कुळकुळीत होतं. साताऱ्याचे एक काका ‘काळी कोटिंग काढून द्या’ म्हणून सायलेन्सर घेऊन आले होते. ते काळं नुसतं जळकं ऑइल निघालं. रॉकेलमध्ये भिजवलेल्या चिंधीने आणि लाकडी पट्टीने दोन तासांत खालचा क्रोम दिसायला लागला. कोटिंग नव्हतीच. पावसाळ्यात आणखी एक प्रकार होतो. रेनकोटची किंवा पँटची कड बेंडला चिकटते आणि तिथे काळा, चकचकीत, थोडा फुगीर डाग राहतो. तो वितळलेल्या प्लास्टिकचा. गाडी दोन मिनिटं चालू ठेवून पाईप कोमट करा, प्लास्टिक मऊ झालं की बंद करून लाकडी पट्टीने सरकवा. स्क्रूड्रायव्हर लावू नका.

तेव्हा आधी रॉकेल, मग साबणाचं पाणी, मग कोरडं पुसणं. हे झाल्यावर जे उरतं तो थर.

आता मी सगळ्यात आधी काय करतो ते सांगतो. नखाएवढा एक पोपडा ब्लेडने अलगद उचलतो आणि उलटा करून उन्हात धरतो. त्याची पाठ बघायची. पाठ गुळगुळीत, काचेसारखी तुळतुळीत असेल तर तो रंग क्रोमवर बसला होता. क्रोम इतका गुळगुळीत असतो की त्यावर रंगाला धरायला काही मिळत नाही. नीट खरवडून न घेता कुणी फवारला असेल तर तो काही दिवसांत सुटतोच. म्हणजे तुमच्या ज्या भागातून मोठमोठे पोपडे निघतायत, तो भाग बहुधा चांगला आहे. उलट पाठीला तपकिरी भुकटी चिकटलेली असेल, तर खाली क्रोमला भोकं पडून गंज वर आलाय. आणि जिथे रंग नखाने, ब्लेडने, कशानेच हलत नाही, तिथे जास्त शंका घ्या. त्याला धरायला खडबडीत जागा मिळालीय, आणि गंजलेल्या पत्र्यापेक्षा खडबडीत काय असतं? लोकांना वाटतं पोपडे निघतायत म्हणजे सगळं खराब. क्रोमच्या बाबतीत बऱ्याचदा उलटंच असतं.

दहा-बारा ठिकाणचे पोपडे बघा आणि खडूने खुणा करा. सायलेन्सरच्या पोटाची खालची बाजू, जिथे चाकाचा चिखल उडतो, आणि शेपटाचा शेवटचा वीतभर भाग, या दोन जागा सोडू नका. गंज तिथूनच सुरू होतो.

आता वरचं काळं कसलं आहे ते. याला महागडं यंत्र लागत नाही.

जागा बघा. बेंड पाईपचा सिलिंडरजवळचा पहिला वीतभर भाग सगळ्यात जास्त तापतो. साधा एनॅमल किंवा डबीतला स्प्रे तिथे टिकूच शकत नाही, तो जळून पांढुरका होतो आणि झडतो. शेपटाकडे मात्र वर्षानुवर्षं राहतो. म्हणून तुमच्या गाडीत रिंग नटच्या अगदी जवळपर्यंत काळं शाबूत असेल, तर तो साधा रंग नव्हे, हीटप्रूफ सिलिकॉनचा रंग किंवा त्याहून टणक काहीतरी आहे. पुढे गेलंय आणि मागे राहिलंय, तर साधा रंग समजा. पावडर कोटिंगचंही बरंचसं असंच. नेहमीची पावडर भट्टीत २०० अंशांच्या आसपास भाजतात, त्याच्या फार वर ती टिकत नाही. पण ती जाड, रबरासारखी दिसते आणि तिचा पोपडा सोललेल्या सालीसारखा निघतो.

मग थिनर. कापसाचा बोळा एनसी थिनरमध्ये बुडवा आणि आतल्या, न दिसणाऱ्या बाजूला मिनिटभर दाबून धरा. कापूस काळा झाला आणि रंग चिकट झाला तर हवेवर सुकणारा साधा रंग. नुसता किंचित मंद झाला तर भाजून पक्का झालेला हीटप्रूफ किंवा पावडर. काहीच झालं नाही, कापूस पांढराच, तर पुढची परीक्षा.

मल्टिमीटर घ्या, बीप वाजणाऱ्या खुणेवर ठेवा. दोन्ही टोकं काळ्या थरावर हलकेच टेकवा, खुपसू नका, खुपसलंत तर टोक थर फोडून पत्र्याला लागेल आणि मीटर फसवेल. बीप आली तर ते काळं धातूचं आहे, म्हणजे ब्लॅक क्रोम किंवा तसलं काही प्लेटिंग. बीप नाही आली तर रंग, पावडर, सिरॅमिक यांपैकी एक. बीप नाही, थिनर लागत नाही आणि सुईच्या टोकाने ओरखडाही उठत नाही, तर सिरॅमिक. हात फिरवला की तो अंड्याच्या टरफलासारखा बारीक खरखरीत लागतो. १९८७च्या रोडकिंगवर सिरॅमिक असायची शक्यता कमी, पण आधीच्या मालकाने हौसेने करून घेतलेलं असू शकतं. पाईपच्या तोंडातून आत टॉर्च मारा. सिरॅमिक करणारे बरेचदा आतूनही करतात, रंगवाले कधीच नाही.

लोहचुंबकाबद्दल दोन शब्द, कारण तो सगळ्यांकडे असतो आणि सगळे त्याच्यावर नको तेवढा विश्वास टाकतात. चुंबक चिकटला म्हणजे खाली क्रोम आहे असं नाही, फक्त खाली लोखंड आहे एवढंच. नाही चिकटला तर तो स्टेनलेसचा पाईप असेल, बाहेरून बसवलेला, आणि मग क्रोम शोधायचाच नाही. पण चिकटणारं स्टेनलेसही असतं. बऱ्याच आधुनिक गाड्यांच्या सायलेन्सरला ४०९ जातीचं स्टेनलेस वापरतात, त्याला चुंबक छान लागतो. रोडकिंगचा मूळ सायलेन्सर मात्र लोखंडी पत्र्याचा, वर निकेल आणि क्रोम.

हे निकेल-क्रोम काय ते कळलं की पुढचं सगळं आपोआप समजतं. आपण ज्याला क्रोम म्हणतो तो शोभेचा क्रोम ०.५ मायक्रॉनसुद्धा जाड नसतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा. गंजापासून वाचवतं ते त्याखालचं निकेल, ते क्रोमच्या कितीतरी पट जाड असतं. काही जण त्याखाली तांबंही देतात. म्हणून खोल ओरखड्यात कधी पिवळसर, कधी तांबूस रेघ दिसते. घासून क्रोम गेलेला भाग ओळखायचा तर शेजारी पांढरा कागद धरा. क्रोमची चमक निळसर, निकेलची पिवळसर, तुपासारखी उबदार. एकदा डोळ्याला सवय झाली की लांबून कळतं.

आता उतरवायचं कसं.

साधा रंग असेल तर थिनर आणि चिंध्या पुरतात. वेळ जातो एवढंच. थिनर वापरताना जवळ गॅस, निरांजन, बिडी काही नको, आणि दारं उघडी ठेवा.

हीटप्रूफ किंवा पावडर असेल तर हार्डवेअरमध्ये पेंट रिमूव्हर मिळतो, जेलीसारखा. जाड थर द्या, वरून प्लास्टिकचा कागद गुंडाळा म्हणजे उडून जाणार नाही, तास-दोन तासांनी लाकडी पट्टीने ओढा. दोन-तीन फेऱ्या लागतात. बऱ्याच रिमूव्हरमध्ये डायक्लोरोमिथेन असतं. त्याची वाफ बंद खोलीत जिवावर बेतू शकते, त्यामुळे हे काम गच्चीवर किंवा अंगणात करायचं, बाथरूममध्ये नाही. साधे रबरी हातमोजेही ते पार करतं. हातावर आग झाली की लगेच धुवा.

माझी स्वतःची आवड कॉस्टिक सोडा. जुने मिस्त्री टू-स्ट्रोकच्या सायलेन्सरमधली जाळी यातच टाकायचे, कार्बन सुटावा म्हणून. क्रोम, निकेल, लोखंड तिघांनाही कॉस्टिक काही करत नाही, आणि रंग, जळकं ऑइल, कार्बन सगळं ढिलं होतं. प्लास्टिकच्या मोठ्या पिंपात लिटरला ५० ते १०० ग्रॅम. आधी पाणी, मग त्यात थोडा थोडा सोडा. उलटं केलंत तर उकळून तोंडावर उडेल. तसंही पाणी चांगलंच तापतं. डोळ्याला गॉगल हवाच, चष्मा नव्हे. रात्रभर बुडवा, सकाळी नायलॉनच्या ब्रशने घासा, भरपूर पाण्याने धुवा. दोन गोष्टी लक्षात ठेवा. ॲल्युमिनियमचा एकही तुकडा त्यात जाता कामा नये. कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं आणि हायड्रोजन सोडतं, त्याला ठिणगी लागली की भडका. जस्ताचंही तेच. आणि हा उपाय फक्त लोखंडी, क्रोमच्या मालाला. दुसऱ्या कुणाच्या गाडीला ॲल्युमिनियमचा सायलेन्सर असेल तर त्याने हे वाचून उद्योग करू नये.

ब्लॅक क्रोम निघाला तर घरी हात लावू नका, प्लेटिंगवाल्याचं काम. सिरॅमिक निघालं तर रसायनं विसरा, ब्लास्टिंगशिवाय, म्हणजे हवेच्या दाबाने कण मारून थर उडवण्याशिवाय, पर्याय नाही. ब्लास्टिंगने खालचा क्रोमही मंद होतो, म्हणजे मग नवं प्लेटिंग करायचं ठरवूनच जायचं. ब्लास्टिंगवाल्याकडे ग्लास बीड, म्हणजे काचेचे बारीक मणी, मागा. वाळूने करणाऱ्यांकडे जाऊ नका. वाळू पत्रा खाते हे एक, आणि वाळूची धूळ त्या पोरांच्या फुप्फुसात जाऊन बसते हे त्याहून वाईट.

आता ते ॲसिड. माझ्या उमेदवारीच्या काळात उस्ताद गावाला गेले असताना मी एका बेंड पाईपवर बाथरूमचं ॲसिड ओतून रात्रभर ठेवलं. सकाळी क्रोम पट्ट्यापट्ट्यांनी गायब, निकेल डागाळलेलं, आणि जिथे क्रोमला बारीक भेगा होत्या तिथून ॲसिड आत शिरून पत्र्याला टोचल्यासारखे खड्डे. पण खरा तमाशा पुढे होता. वाफेने अख्ख्या गॅरेजमधली हत्यारं लालभडक झाली होती. पाने, सॉकेट, व्हाइस, सगळी. उस्ताद काही बोलले नाहीत, नुसता पॉलिश पेपर हातात दिला. आठ दिवस मी पाने घासत होतो.

व्हिडिओत दाखवतात तो बॅटरी चार्जर आणि धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्याचा प्रकार गंजाला चांगला आहे. पण तारा उलट्या लागल्या, पाईप धन टोकाला गेला, तर क्रोम विरघळून पाणी पिवळं होतं. तो पिवळा रंग हेक्झाव्हॅलंट क्रोमियमचा, कर्करोगाला आमंत्रण. स्टेनलेसचा चमचा त्यात धन टोकाला लावणारेही तेच विष तयार करतात. क्रोमच्या मालाला हा खेळ मी करत नाही.

काळं उतरलं, खाली जे आहे ते दिसलं. आता घाईने प्लेटिंगवाल्याकडे पळू नका. बारीक तपकिरी ठिपके असतील तर चपात्या गुंडाळायचा चांदीचा कागद घ्या, चुरगाळा, पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ, त्यामुळे चरे पडत नाहीत आणि गंज मात्र निघतो. हे मी लोकांना सांगतो तेव्हा त्यांना चेष्टा वाटते. करून बघा. ठिपक्यांच्या जागी अगदी बारीक काळी टिंबं राहतील, ती क्रोमची भोकं. ती बुजत नाहीत. कोरडं करून मेणाचं पॉलिश लावत राहिलं की गंज पुन्हा डोकं वर काढायला वेळ लागतो. बेंडवर मात्र मेण जळून जातं, तिथे त्याचा उपयोग नाही. बेंडचा निळा-जांभळा रंग हा गंज नव्हे, ती उष्णतेची झाक. पॉलिशने कमी होते, आठवड्यात परत येते. परत परत आणि लवकर येत असेल तर पाईपपेक्षा कार्ब्युरेटरचं मिश्रण आणि टायमिंग बघा.

माझं मत विचाराल तर पाऊणएक क्रोम जिवंत निघाला तर तो तसाच ठेवा. म्हैसूरच्या कारखान्यातून आलेला क्रोम आता परत मिळणार नाही, आणि पुन्हा प्लेटिंग करताना पत्रा घासावा लागतो, जो आधीच पातळ झालेला असतो. पोटाखालचा गंज कुणाला दिसत नाही. पण क्रोम पत्र्यापासून सुटून त्याची कड ब्लेडसारखी उभी राहिली असेल तर तो गेला. तिथे हात जपा, चांगलंच कापतं.

प्लेटिंग करायचंच ठरलं तर एक काम तुम्हालाच करावं लागेल. शेपटाकडून जाळी काढा आणि सायलेन्सर आतून पूर्ण कोरडा, कार्बनमुक्त करा. मी एकदा घाईत तसाच दिला. प्लेटिंगच्या टाकीत आतलं ऑइल झिरपून बाहेर आलं, एका बाजूने क्रोम धरलाच नाही, आणि प्लेटिंगवाल्याची टाकी खराब झाली ती वेगळीच. त्याने फोनवर मला जे ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही. चेपे असतील तर तेही आधी काढून घ्या. क्रोम काही झाकत नाही, उलट आरशासारखा प्रत्येक खड्डा दाखवतो. दर विचारताना ‘तांबं, निकेल, क्रोम तिन्ही देणार का, की नुसतं निकेलवर क्रोम’ हे विचारा. उत्तर देताना समोरचा अडखळला तर दुसरीकडे चौकशी करा.

आणि पुन्हा काळाच ठेवायचा ठरलं, तर क्रोमवर सरळ फवारू नका, नाहीतर दोन वर्षांनी हाच प्रश्न पुढच्या मालकाला पडेल. बारीक पॉलिश पेपरने चमक पूर्ण मारायची, थिनरने पुसायचं, हीटप्रूफचे पातळ तीन हात द्यायचे, आणि डब्यावर लिहिल्याप्रमाणे टप्प्याटप्प्याने तापवायचं. तापवल्याशिवाय तो रंग पक्का होतच नाही. नुसता सुकतो, आणि पेट्रोलचा थेंब पडला की निघतो.

थोडक्यात तुमचा क्रम: रॉकेलने साफ, पोपड्याची पाठ, थिनर, मीटर, आणि जे निघेल त्याप्रमाणे रिमूव्हर किंवा कॉस्टिक. हे एका रविवारचं काम नाही, दोन धरा.

पाईप परत चढवताना रिंग नटला हुक पानाच लावा. छिन्नी-हातोडीने कडा मोडलेले नट मी रोज बघतो. आणि किक मारण्याआधी बेंड थिनरच्या स्वच्छ चिंधीने शेवटचा पुसून घ्या, नंतर उघड्या हाताने शिवू नका. बोटाला लागलेलं तेल पहिल्याच तापण्यात भाजून बसतं. माझ्या स्वतःच्या येझदीच्या डाव्या बेंडवर माझ्या अंगठ्याचा ठसा गेली एकोणीस वर्षं आहे, रेघा मोजता येतील इतका स्वच्छ.